बसऱ्याला गेलेला माणूस आणि पॅरिसचा तह

कळंबकर (धागाकर्ता)

पितृपंधरवडा चालू आहे म्हणून हा विषय आत्ताच काढतोय. लांबलाय, सवडीनं वाचा.

आमच्या गावाकडच्या घराची मागची पडवी यंदाच्या पावसात बसली. सामान हलवायला गेलो, तेव्हा आत्यानं चुलीजवळच्या कोनाड्यातून एक जड, गोल चकती काढून माझ्या हातात दिली. "ही टाकू नकू बाबा, दह्याच्या गाडग्यावरचं झाकण हाय." आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे. ही चकती तिनं जन्मभर चिंच आणि राखेनं घासलीय. बारा सेंटिमीटर रुंद, कांस्याची. अक्षरं पार झिजलीत, पण उजेडात तिरकी धरली की शिरस्त्राण घातलेली एक बाई दिसते. एका हातात त्रिशूळ, दुसऱ्या हातात पुढे धरलेलं पानांचं कडं, शेजारी सिंह. कडेनं इंग्रजी अक्षरं आणि एका चौकटीत नाव. ते नाव माझ्या पणजोबांच्या धाकट्या भावाचं आहे. इथं देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे.

कडेच्या अक्षरांचा अर्थ असा: 'तो स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मरण पावला.'

पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या घरी ब्रिटिश सरकारनं अशा चकत्या पाठवल्या. तेरा लाखांच्या वर ओतल्या होत्या. हुद्दा मुद्दाम घातलेला नसतो, मेलेले सगळे सारखे म्हणून. पण कुठं मेला, कधी मेला, कसा मेला, हेही नसतं.

आमच्या घरात शंभर वर्षं एकच वाक्य चालत आलंय: "धाकटे बसऱ्याला गेले." म्हणजे आजच्या इराकातल्या बंदराला. आमचं गाव निझामाच्या मुलखातलं, बार्शी इंग्रजांची. धाकटे घरात भांडून चालत बार्शीला गेले आणि बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत बसून कुर्डुवाडीकडून पुढे पलटणीत. मागं सोळा-सतरा वर्षांची बायको. तिला आम्ही धाकटी पणजी म्हणतो. मी तिला पाहिलेलं नाही, आत्यानं पाहिलंय.

चकती आली तेव्हा धाकट्या पणजीनं ती हातात घेतली नाही. "मेला म्हणून कुणी बघितलंय?" एवढंच म्हणाली. मग मोठ्या जावेनं ती दह्याच्या गाडग्यावर ठेवली, ती तिथंच राहिली. पणजीनं कुंकू पुसलं नाही. पेन्शनीचा अंगठा द्यायला तिला बार्शीला न्यायचे, तेव्हा ती पदर भुवयांपर्यंत ओढून घ्यायची, कारकुनाला कपाळ दिसू नये म्हणून. घरात तेवढ्या पैशांची गरज होती, आणि पैसे घ्यायचे तर तिला विधवा असावं लागत होतं. परत येताना बैलगाडीत पदर मागं सारायची. हे आत्याला तिच्या आईनं सांगितलेलं.

७२ च्या दुष्काळात ती गेली. आत्या तेव्हा माहेरी आलेली होती. शेवटच्या दिवसांत पणजी दाराकडं तोंड करून निजायची. कपाळाला कुंकू होतं, सरणावरही होतं.

चकतीबरोबर एक कागद आला होता, त्याला वाळवी लागली. एका तुकड्यावर पलटणीचं नाव उरलंय: ११० वी मराठा लाइट इन्फंट्री. ते वाचलं आणि मी दोन महिने हेच वाचत बसलो. ही पलटण जनरल टाउनशेंडच्या सहाव्या, म्हणजे पुण्याच्या डिव्हिजनमध्ये होती. ही फौज टायग्रिसच्या काठाकाठानं बगदादकडं निघाली, वाटेत मार खाऊन मागं फिरली आणि कुत-अल-अमारा नावाच्या गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांचा वेढा. जवळजवळ पाच महिने. घोडे आणि खेचरं कापून खायची वेळ आली. आपल्याकडच्या बऱ्याच शिपायांनी घोड्याचं मांस घ्यायला कितीतरी आठवडे नकार दिला, आणि मग शेवटी मूठभर जवाच्या पिठावर माणसं पहाऱ्याला उभी राहिली. त्यांना सोडवायला बाहेरून जी फौज आली तिचे २३ हजारांच्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले. आत अडकलेले होते सुमारे १३ हजार.

इंग्रजांनी तुर्कांना आधी दहा लाख, मग वीस लाख पौंड देऊ केले, आमची माणसं सोडा म्हणून. तुर्कांनी नाकारले. मग शरणागती. कैद्यांना वाळवंटातून चालवत बगदाद, तिथून मोसुल, रास-अल-ऐन. तिथं रेल्वेच्या कामाला जुंपलं. चार हजारांच्या वर माणसं कैदेत मेली. धाकटे त्यातले, का वेढ्यातले, मला कळायला मार्ग नाही.

टाउनशेंडला मात्र इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात ठेवलं होतं. ऑक्टोबर १९१८ मध्ये तुर्कांना युद्ध थांबवायचं झालं तेव्हा बोलणी सुरू करायला त्यांनी त्यालाच सोडलं. ३० ऑक्टोबरला मुद्रोसच्या बंदरात एका ब्रिटिश युद्धनौकेवर तहकुबीच्या सह्या झाल्या.

मला इथं हे विचारायचंय. पुढे पॅरिसला सहा महिने वाटाघाटी चालल्या. सरहद्दी मोजल्या, कोळशाच्या खाणी मोजल्या, जहाजं मोजली, भरपाईचे मार्क मोजले. धाकट्या पणजीचं त्या सगळ्यात काय होतं? मेलेल्याचा पत्ता सांगणं हे तहाचं काम नव्हतं का? आणि जर नव्हतं, तर त्याला शांततेचा तह का म्हणायचं?

आत्यानं मला विचारलंय, "ह्या वर्षी त्यांचं पान ठेवावं का?" तेही तुम्हाला विचारतो.

---

गोदाकाठ

वाचून गप्प बसलो होतो. पदराचं वाचल्यावर पुढचं वाचवेना.

तिथी माहीत नसलेल्यांचं सर्वपित्री अमावस्येला करतात. पण पणजीनं जन्मभर मानलं नाही, तर तिच्या माघारी आपण मानायचं का, हा प्रश्न भटजीला विचारून सुटणारा नाही. आत्यालाच ठरवू द्या.

---

इतिहास_नांदेड

कळंबकर, फार मोलाचं लिहिलंत. पॅरिसबद्दल थोडी भर घालतो.

१८ जानेवारी १९१९ ला परिषद सुरू झाली. निर्णय खरे चार जणांचे: फ्रान्सचे क्लेमांसो, ब्रिटनचे लॉइड जॉर्ज, अमेरिकेचे विल्सन, इटलीचे ऑर्लांडो. जर्मनांना बोलण्यात घेतलंच नाही. ७ मे रोजी मसुदा हातात दिला, लेखी हरकती मागवल्या, त्यातल्या बहुतेक फेटाळल्या आणि मुदत घालून सांगितलं, सही करा नाहीतर फौजा पुढे येतात. २८ जूनला व्हर्सायच्या आरसेमहालात सही झाली. तोवर जर्मनीची सागरी नाकेबंदीही पुरती उठवलेली नव्हती. तोफा थांबून सात महिने झाले होते आणि पोरांना दूध मिळत नव्हतं.

आता हिंदुस्थानच्या सहीचं. आपल्याकडून १३ लाखांच्या आसपास माणसं समुद्रापार गेली, ७४ हजारांवर मेली. सही कुणी केली? ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री मॉण्टेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह. आणि मॉण्टेग्यू त्या खुर्चीवर आले तेच मुळी कुतमुळे. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकातल्या, गोंधळाची चौकशी झाली, औषधं नाहीत, जखमींना न्यायला बोटी नाहीत, हे सगळं १९१७ च्या अहवालात बाहेर आलं, तेव्हाच्या भारतमंत्र्यांनी म्हणजे ऑस्टिन चेंबरलेननी राजीनामा दिला आणि मॉण्टेग्यू आले. तुमचे धाकटे ज्या वेढ्यात होते त्याच्या नामुष्कीतून आलेल्या माणसानं त्यांच्या वतीनं तहावर सही केली.

काँग्रेसनं डिसेंबर १९१८ मध्ये दिल्लीला ठराव करून शांतता परिषदेसाठी लोकमान्य टिळकांचं नाव सुचवलं होतं. टिळक तेव्हा लंडनलाच होते. पॅरिसला जायचा परवाना दिला नाही. त्यांनी क्लेमांसोंना पत्र लिहून स्वयंनिर्णयाची मागणी मांडली, तेवढंच हातात उरलं होतं. आणि त्याच १९१९ च्या १३ एप्रिलला जालियनवाला बाग.

---

कळंबकर

मॉण्टेग्यूचा हा धागा मला माहीत नव्हता. आभार.

त्यात आमचं आणखी वेगळं. धाकटे ना इंग्रजांची प्रजा, ना काँग्रेसच्या ठरावात मोजलेले. निझामाची रयत. निझामानं युद्धाला भरपूर पैसा दिला आणि १९१८ मध्ये त्याला 'एक्झॉल्टेड हायनेस' ही पदवी मिळाली, ब्रिटिशांचा 'विश्वासू दोस्त' असं लेखी मिळालं. आमच्या घरी काशाची चकती आली, इंग्रजीत. गावात इंग्रजी कुणाला येत नव्हतं, दप्तर सगळं उर्दूत. तिच्यावर काय लिहिलंय हे घरात पहिल्यांदा वाचलं गेलं ते माझ्या वडलांच्या कॉलेजच्या दिवसांत.

---

मुक्काम_उदगीर

एक वेगळी बाजू मांडतो. व्हर्साय फार कडक होता म्हणून हिटलर आला, असं आपण शाळेत शिकलो. मला ते पटत नाही.

१८७१ मध्ये जर्मनांनी फ्रान्सवर पाच अब्ज फ्रँकचा दंड बसवला, दोन प्रांत घेतले. फ्रान्सनं १८७३ पर्यंत सगळा फेडला. मार्च १९१८ मध्ये जर्मनीनं रशियावर ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह लादला, तो व्हर्सायपेक्षा कितीतरी जाचक. व्हर्सायमध्ये जर्मनीचा युरोपातला साधारण तेरा टक्के मुलूख गेला, लष्कर एक लाखावर आणलं, पण देश अखंड राहिला, कारखाने शाबूत राहिले. युद्ध तर फ्रान्स-बेल्जियमच्या जमिनीवर झालं होतं. फ्रान्समध्ये सहा लाखांच्या आसपास विधवा होत्या. त्यांनी क्लेमांसोंना विचारलं असतं, नवरे तर गेले, आता शेतात पुरलेले तोफगोळे कोण काढणार, तर तो काय सांगणार होता?

माझ्या मते खोट कडकपणात नव्हती. दंड तर लावला, पण वसूल करायला आणि पहारा करायला कुणी उभं राहिलं नाही. अमेरिकेच्या सिनेटनं तह मंजूरच केला नाही. अर्धं अपमानाचं, अर्धं सोडून दिल्याचं, असं ते झालं.

आमच्या उदगिराचंच घ्या. फेब्रुवारी १७६० मध्ये इथं मराठ्यांकडून निझामाचा पराभव झाला, साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबादसारखे किल्ले लिहून घेतले. पुढच्या जानेवारीत पानिपत. कागदावर मिळालेलं टिकवायला माणूस उरला नाही.

---

इतिहास_नांदेड

उदगीरकर, मुद्दा वजनदार आहे. पण १७९५ चं खर्डा तुमच्याविरुद्ध जातं. खर्ड्याला निझाम पुरता नमला, तीन कोटींची खंडणी कबूल केली, आपला दिवाण मराठ्यांच्या ताब्यात दिला. त्याच ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, पुण्यात कारस्थानं सुरू झाली, खंडणी फिटलीच नाही. पण अपमान राहिला. १७९८ मध्ये निझामानं इंग्रजांची तैनाती फौज घेतली, आणि पुढचं दीडशे वर्षांचं आपलं नशीब तिथं ठरलं. हरलेल्याला कोपऱ्यात दाबलं की तो तिसऱ्याच्या दारात जातो.

त्याउलट १७२८ ला पालखेडला बाजीरावानं निझामाला पाणी तोडून कोंडलं, फारसं रक्त सांडलं नाही, आणि पैठणच्या पलीकडं मुंगी-शेवगावला तह केला. चौथाई-सरदेशमुखी मान्य करून घेतली, माणूस मोडला नाही.

---

मुक्काम_उदगीर

मुंगी-शेवगावनंतर दहा वर्षांनी भोपाळला पुन्हा लढाई झालीच की. पण दहा वर्षं काही थोडी नव्हेत, हे मान्य. दहा वर्षांत एक पिढी मिसरूड फुटेपर्यंत वाढते.

---

ज्वारीचं_कणीस

तुमची चर्चा मोठी आहे, मी शेतकरी माणूस. एकच सांगतो. आमचा आजा म्हणायचा, लढाई संपली आणि मानमोडी आली. १९१८ चा तो ताप मुंबईत आधी उतरला, फौजांच्या जहाजांच्या बंदरात, आणि रेल्वेनं गावोगाव पसरला. त्यात त्या वर्षी पावसानं दगा दिलेला. हिंदुस्थानात सव्वा कोटी ते दोन कोटी माणसं मेली म्हणतात. सगळ्या जगात रणांगणावर मेलेले सैनिक एक कोटीच्या आसपास. आमच्या घरातली चार माणसं आठ दिवसांत गेली, खांदा द्यायला माणूस नव्हता, गाडीत घालून नेली. त्यांची चकती कुणी पाठवली नाही.

लढाईत मेलेले मोजताना ही चार धरायची का नाही, हे मला अजून कळलेलं नाही. मी धरतो.

---

कळंबकर

धरायलाच पाहिजेत. धाकट्यांच्या थोरल्या बहिणीचं सगळं घर मानमोडीत गेलं, असं आत्या म्हणते. मी ते वेगळं दुखणं समजत होतो.

---

खुलताबाद_रस्ता

या तहांचा एक शेपटाचा तुकडा आमच्या दाराशी पडलाय, तो सांगतो.

तुर्कस्तानवर आधी ऑगस्ट १९२० मध्ये सेव्हरचा तह लादला. तो टिकला नाही, मुस्तफा कमालनं लढून मोडला. मग १९२३ मध्ये लोझानला पुन्हा बसले, आणि या वेळी हरलेल्याला समोर बसवून बोलले. म्हणून लोझानच्या सरहद्दी अजून बऱ्याच अंशी टिकल्यात. पण त्याच लोझाननं माणसांची अदलाबदल ठरवली. तुर्कस्तानातले साधारण बारा लाख ग्रीक ख्रिश्चन ग्रीसमध्ये, ग्रीसमधले चार लाख मुसलमान तुर्कस्तानात. धर्म बघून. कुणाला विचारलं नाही. कित्येक 'ग्रीक' लोकांना ग्रीक भाषा येत नव्हती.

मार्च १९२४ मध्ये खिलाफत संपली, शेवटचे खलिफा अब्दुल मजीद यांना देशाबाहेर काढलं. त्यांना आपल्या निझामानं मासिक तनखा दिला. १९३१ मध्ये त्यांची मुलगी दुर्रेशेवार निझामाच्या थोरल्या मुलाला दिली. आणि खुलताबादजवळ त्यांच्यासाठी तुर्की धाटणीची कबर बांधली. ऑगस्ट १९४४ मध्ये ते पॅरिसला वारले. इस्तंबूलला पुरायची परवानगी मिळेना, दहा वर्षं देह पॅरिसच्या मशिदीत राहिला, १९५४ मध्ये मदिनेला दफन झालं. खुलताबादची कबर रिकामीच आहे. मी लहानपणी त्या माळावर शेरडं वळली आहेत, आणि हे कळायला पन्नाशी उलटावी लागली.

कळंबकर, तुमच्या धाकट्यांना कबर नाही, आणि इथं कबर आहे तर तिच्यात माणूस नाही. दोन्ही एकाच युद्धातून आलेलं.

---

गोदाकाठ

कधी संभाजीनगरला आलो तर ती जागा दाखवा.

---

फौजीची_लेक

मी लातूरची. वडील ७१ च्या लढाईत पश्चिमेकडं होते. परत आले, म्हणून मी आहे.

शिमला करारावर आपल्याकडं कायम एकच वाद असतो, इंदिराजींनी ९३ हजार कैदी देऊन काय मिळवलं. जुलै १९७२ चा करार, आणि कैदी परत पाठवायचं प्रत्यक्षात ठरलं ते ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारात. वडील या वादात कधी पडले नाहीत. ते एवढंच म्हणायचे, ज्या कैद्याला आपण भाकरी दिली त्याच्या आईला तो परत मिळाला, यात माझं काही गेलं नाही.

पण त्यांच्या तुकडीतला एक जण बेपत्ता होता. पाकिस्तानच्या तुरुंगात आपले ५४ जण असावेत, अशी यादी सरकारनंच मांडली होती. पाकिस्ताननं आमच्याकडं कुणी नाही असंच सांगितलं. वडील त्या जोडीदाराच्या आईला दर दिवाळीला भेटायला जायचे, फराळ घेऊन. ती माउली दर वेळी एकच विचारायची, "अर्ज कुठं अडकलाय?" वडील म्हणायचे, वरच्या हाफिसात. पंचवीस वर्षं हेच उत्तर. त्यांना खोटं बोलायला लागायचं नाही कारण ते खरंच होतं.

कळंबकर, तुमच्या पणजीचं पेन्शनीचं वाचलं आणि मला त्या माउलीचा चेहरा दिसला. दोन करारांत पन्नास वर्षांचं अंतर, पण दाराकडं तोंड करून निजणारी बाई तीच.

---

बालाघाट

मी हे लिहू का नको, असं चार दिवस चाललं होतं.

आपण व्हर्साय, शिमला बोलतोय. आपल्या अंगणातलं १९४८ कुणीच काढलं नाही. १७ सप्टेंबरला आपण मुक्तिदिन करतो, आणि करायलाच हवा. रझाकारांनी, म्हणजे निझामाच्या बाजूच्या हत्यारबंद स्वयंसेवकांनी, जे केलं ते माझ्या आईच्या माहेरानं भोगलंय, त्यांचं घर जाळलं, दोन माणसं मारली. त्यांचा पुढारी कासिम रझवी लातूरला वकिली करायचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नोव्हेंबर १९४७ चा निझाम आणि भारत सरकारचा जैसे थे करार झाला, वर्षभराची मुदत होती, वाटाघाटी चालू होत्या, आणि त्या चालू असतानाच गावं जळत होती.

पण १७ सप्टेंबरच्या नंतरचंही आहे. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती सरकारनंच पाठवली होती. त्यांनी पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे हैदराबादवरच्या भारतीय फौजेच्या कारवाईच्या, वेळी आणि नंतर मारल्या गेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. बहुतेक मेलेले मुसलमान, आणि बहुतेकांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. तो अहवाल लोकांना बघायला मिळाला २०१३ मध्ये.

माझ्या आजीनं शेजारची दोन लेकरं कणगीत बसवून वरून ज्वारी ओतली होती, तोंडापुरती जागा ठेवून. तिच्या स्वतःच्या भावाला रझाकारांनी मारून महिना झाला होता. तिला मी विचारलं, तुला राग नव्हता का? म्हणाली, "व्हता की. पर लेकरं माझ्या चुलीपाशी जेवलेली."

त्यातलं एक लेकरू पुढे आमच्या तालुक्याला मास्तर झालं. आजी गेली तेव्हा खांद्याला होतं.

---

मुक्काम_उदगीर

बालाघाट, लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या भागात अजूनही लोक हे आवाज खाली करून बोलतात. माझ्या वडलांनी मला सांगितलं ते मी चाळिशीला आलो तेव्हा.

माझ्या आधीच्या प्रतिसादात मी तह कडक का सैल एवढ्यावरच बोललो. इथं तर तहच नव्हता. हैदराबाद शरण आलं, तिथं विषय संपला. पण गावातल्या गावात कोण कुणाशी काय बोललं, कुणाची जमीन कुणाकडं गेली, पळून गेलेल्यांना परत कुणी बोलावलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. तेवढं तरी गावकीनं बसून करायला हवं होतं.

---

इतिहास_नांदेड

कळंबकर, तुमच्या मूळ प्रश्नाकडं येतो, मेलेल्याचा पत्ता.

बसऱ्याला राष्ट्रकुलाचं युद्धस्मारक आहे, मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या चाळीस हजारांवर लोकांचं. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमानं ते मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेलं. त्याच्या भिंतींवर गोऱ्या सैनिकांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा. २०२१ मध्ये या युद्धस्मारकांच्या आयोगानं स्वतःच चौकशी करून हे लिहून दिलं: किमान १ लाख १६ हजार, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसं, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतली, नावानिशी किंवा अजिबातच नोंदली गेली नाहीत; आणि ४५ ते ५४ हजार जणांना, ज्यात हिंदी पुष्कळ, गोऱ्यांच्या बरोबरीनं वागवलं गेलं नाही. माफीही मागितली.

दिल्लीच्या इंडिया गेटवरही, १९२१ पर्यंतचे धरून, ८४ हजारांच्या आसपास मेलेल्यांपैकी तेरा हजारांच्या थोडी वर नावं आहेत.

आयोगाची यादी आता संगणकावर आहे, तिच्यात शिपायांची नावंही चढवलीत. पलटण ११० वी आणि नावाचं स्पेलिंग जरा उलटंपालटं करून शोधा. इंग्रज कारकुनांनी मराठी नावं कानावर पडतील तशी लिहिलीत. बापाचं नावही बघा, पुष्कळ नोंदींत असतं.

---

कळंबकर

शोधलं. तीन रात्री लागल्या. चौथ्या स्पेलिंगला सापडलं. बापाचं नाव बरोबर, गावाचं नाव मोडकंतोडकं पण ओळखू येतं. तारीख १९१६ च्या ऑगस्टमधली. म्हणजे वेढ्यात नव्हते मेले. शरणागतीनंतर साडेतीन महिने जगले, कैदेत, चालत.

आत्याला फोन केला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "श्रावणात गेले म्हन की." आणि बोटांवर काहीतरी मोजत होती, ते फोनवर ऐकू येत होतं.

पानाचं तिनं ठरवलंय. अमावस्येला दोन पानं ठेवणार, दोघांची एकत्र. पणजीचं आजवर वेगळं ठेवायचे, नवमीला, सवाष्णीचं. ते बदलायचं नाही, म्हणते, ते तसंच. हे वेगळं. कढी, भोपळ्याची भाजी, गव्हाची खीर, आणि जवाची एक भाकरी त्यांच्यासाठी. जव कुठं मिळतील म्हणून मला कळंबच्या आठवडी बाजारात पाठवलंय.

---

फौजीची_लेक

लातूरच्या गंजगोलाईत नक्की मिळतील. कळंबला नाही मिळाले तर सांगा, मी बसनं पाठवते.

---

कुंथलगिरी_पायथा

पहिल्यांदाच लिहितोय, नुसता वाचत होतो. काल हा धागा आईला वाचून दाखवला. ती उठली आणि माळ्यावरून एक चकती घेऊन आली. तीच बाई, तोच सिंह. आमच्याकडं ती जात्याच्या तोंडावर झाकायला होती, जातं गेलं, ही राहिली. कुणाची ते घरात कुणालाच माहीत नाही. नाव असलेली चौकट काळीकुट्ट झालीय. चिंच लावून घासू का?

---

कळंबकर

नको नको, चिंच लावू नका. राख तर मुळीच नको. आमच्या आत्यानं तसंच केलं आणि निम्मं नाव गेलं. कोरड्या मऊ धोतराच्या फडक्यानं नुसती धूळ पुसा. मग संध्याकाळी दारात उन्ह आडवं येतं तेव्हा चकती जमिनीवर सपाट ठेवा आणि वरून फोटो काढा, सावलीत अक्षरं उठून दिसतात. नाही उठली तर वर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी हळूहळू फिरवा. निघेल ते अक्षर इथं टाका, एखादंच निघालं तरी टाका. पलटण माहीत नसेल तर तालुका आणि बापाकडच्या चार पिढ्यांची नावं आईला विचारून लिहून ठेवा. आजच विचारा.